बीटल्सच्या तबकड्या क्रमाने : १९६६ ते १९७०

मागच्या नोंदीत बीटल्सच्या (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमवादक रिंगो स्टार या इंग्लंडमधल्या चौघांच्या गटाच्या) १९६५ अखेरपर्यंतच्या एलपींविषयी, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांविषयी, लिहिले होते. पावसाळा सरल्यावर पुढचा टप्पा हाती घेतला आणि तो आता पूर्ण झाला आहे. मालवणच्या दमट हवेत आगोटीपासून कपाटात बंद असलेल्या तबकड्यांवर बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात आणि ऐकताना तेच कडकडतात. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने तबकडी खळबळून घ्यावी आणि सावलीत उभी वाळवावी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या (७८ आरपीएमच्या) जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. आतली कागदी पाकिटे ओल धरतात, म्हणून ती या वेळी सगळी बदलली.

आता संगीताकडे वळतो. हा गट चौघांतल्या सांगीतिक दुराव्यामुळे फुटला, असे म्हटले जाते. तो दुरावा कुठे ऐकू येतो ते आधी पाहू. पहिल्या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी दोन ट्रॅकच्या, म्हणजे आवाज वेगवेगळे भरायला दोनच पट्ट्या असलेल्या, यंत्रावर ध्वनिमुद्रित झाली होती. तिथे चौघांनी एकत्र उभे राहून वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच वर्षी चार ट्रॅक आले, १९६८ मध्ये आठ आले. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम झाल्यावर तर स्टुडिओ हेच त्यांचे रंगमंच झाले आणि एकेकट्याने येऊन आपला भाग भरून जाणे शक्य झाले. १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी संचात हे अंतर कानाला जाणवते. त्याच्या ध्वनिमुद्रणादरम्यान रिंगो स्टार काही दिवस गट सोडून गेला होता, म्हणून पहिल्याच गाण्यात ड्रम्स त्याचे नाहीत. ठेका चुकत नाही, पण रिंगोच्या हाताची, किंचित मागे रेंगाळून मग समेवर येणारी थाप तिथे नाही. लागोपाठ दोन-तीनदा ऐकल्यावर हा फरक लपत नाही.

त्याच वर्षाच्या ४५ आरपीएमच्या एका सिंगलची, म्हणजे दर बाजूला एकच गाणे असलेल्या लहान तबकडीची, दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. तिच्यावरच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतले. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचे गाणे येण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेही मागच्या बाजूला. त्याला किती थोडी जागा मिळत होती, हे त्यावरून कळते. ही तबकडी वेंगुर्ल्याच्या एका स्नेह्यांनी ऐकायला दिली, त्यांचा मी ऋणी आहे.

तरीही हा टप्पा ऐकून माझे मत असे झाले आहे की, हा गट संगीतामुळे फुटला नाही, तो व्यवहारामुळे फुटला. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन २७ ऑगस्ट १९६७ रोजी वारला आणि हिशेब पाहणारे विश्वासाचे माणूस उरले नाही. १९६९ मध्ये तिघांनी अमेरिकन व्यवस्थापक ॲलन क्लाइनला नेमले, पॉल मॅकार्टनीला मात्र आपले सासरे ली ईस्टमन हवे होते. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांचे हक्क असलेली नॉर्दर्न साँग्ज ही कंपनीही त्याच वर्षी एटीव्ही या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीच्या हाती गेली. अखेर ३१ डिसेंबर १९७० रोजी पॉलने गटाची भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा लावला.

‘लेट इट बी’ मे १९७० मध्ये बाजारात आली, तरी तिचे बहुतेक काम जानेवारी १९६९ मधले आहे. म्हणून मी ती आधी लावली आणि तिच्यानंतर मुद्रित झालेली ‘ॲबी रोड’ शेवटी. हा क्रम मी सर्वांना आवर्जून सुचवीन. भांडण ऐन भरात असताना मुद्रित झालेल्या ‘ॲबी रोड’मध्ये ‘बिकॉज’ या गाण्यासाठी जॉन, पॉल आणि जॉर्ज यांनी तीन वेळा एकत्र गायिले, त्यामुळे नऊ आवाज ऐकू येतात, आणि ते एकमेकांत असे मिसळले आहेत की कोणाचा कुठला हे सांगणे कठीण. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस रिंगोच्या ड्रम्सचा एकल तुकडा संपताच पॉल, जॉर्ज, जॉन याच क्रमाने तिघे गिटार आळीपाळीने वाजवतात. जॉर्जची गिटार सुरेल आणि गोलसर, जॉनची खरबरीत. एकाने सोडले की दुसरा तिथूनच उचलतो. ही जागा हेडफोनवर जरूर ऐकावी.

पुढच्या टप्प्यात पांढऱ्या दुहेरी संचाची मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीतून देणारी) आवृत्ती स्टीरिओसमोर (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांच्या आवृत्तीसमोर) ठेवून ऐकणार आहे. ‘ॲबी रोड’ची अशी तुलना करता येत नाही, कारण तिचे मोनो मिश्रण वेगळे झालेच नाही. कोकणात कोणाकडे दुहेरी संचाच्या मोनो आवृत्तीची चांगल्या अवस्थेतली प्रत असल्यास कळवावे. मी स्वतः येऊन नेईन आणि धुऊन, नव्या पाकिटात घालून परत करीन.