त्र्वाव्हिएर्ज ते नव-शापेल: वेळापत्रकाच्या रुळांवरून गेलेलं महायुद्ध

लक्झेंबर्ग शहराच्या स्टेशनावरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला तिकीट लागत नाही. २०२० पासून या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, बाहेरून आलेल्यांनाही. फुकटेगिरीची हद्द मात्र त्र्वाव्हिएर्जपर्यंत. त्यापुढचं गूव्ही स्टेशन बेल्जियममध्ये येतं, तेव्हा तिथून लिएजपर्यंतचं तिकीट आधीच मोबाइलवर काढून ठेवावं. लिएजला जाणारे बहुतेक जण त्र्वाव्हिएर्जला उतरत नाहीत. मी उतरलो, कारण १९१४ च्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरची पहिली आगळीक याच स्टेशनात झाली आणि ती अर्ध्या तासात मागे घेतली गेली.

स्टेशन छोटं, भोवती आर्देनच्या हिरव्या टेकड्या. जर्मनीकडून येणारा एक फाटा इथे मुख्य मार्गाला मिळत होता. आता त्या फाट्यावर रूळ नाहीत, त्याचा सायकलमार्ग झाला आहे. थेट आखेनपर्यंत १२५ किलोमीटर. जुना रेल्वेमार्ग असल्याने चढ अगदी सौम्य. साधी सायकल असली तरी दोन-तीन दिवसांत आरामात होतो. वाटेत सरहद्द कधी ओलांडली हे पाटीवरूनच कळतं.

१ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी सात वाजता जर्मन पायदळाच्या एका तुकडीने हे स्टेशन आणि तारघर ताब्यात घेतलं. साडेसातला दुसरी तुकडी मोटारींतून धावत आली: चूक झालीय, परत फिरा. बर्लिनमध्ये मधल्या वेळात लंडनच्या जर्मन राजदूताची तार पोचली होती. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही आवरेल, असा तिचा अर्थ लावला गेला. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म खूश झाला. मग सगळं सैन्य रशियाकडेच वळवू या, असं त्याने सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितलं. मोल्टकेचं उत्तर होतं की आता ते शक्य नाही. लाखो माणसांची मांडणी अशी ऐनवेळी फिरवली तर हाती सैन्य न राहता सशस्त्र जमाव राहील. ‘तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं,’ असं कैसर त्याला म्हणाला. काका म्हणजे १८७० ची लढाई जिंकणारा थोरला मोल्टके. रात्री अकराच्या सुमारास लंडनहून खुलासा आला की असा काही प्रस्तावच नाही. कैसरने हात झटकले. त्र्वाव्हिएर्ज मध्यरात्रीपर्यंत पुन्हा जर्मनांकडे आणि दुसऱ्या दिवशी अख्खं लक्झेंबर्ग.

मोल्टके एवढा का अडून बसला हे कळायला मोबिलायझेशन, म्हणजे सैन्याची जमवाजमव, कशी चाले ते बघावं लागतं. शांततेच्या काळात जर्मन रेजिमेंट अर्धवट भरलेली असे. हुकूम सुटला की राखीव माणसांनी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या डेपोत हजर व्हायचं. तिथे गणवेश, बंदूक, बूट. शेतकऱ्यांचे घोडे मोजून घ्यायचे. मग प्रत्येक युनिटला नेमून दिलेली गाडी, नेमून दिलेला फलाट, मिनिटासकट. सैन्याच्या एका मोठ्या तुकडीला, म्हणजे आर्मी कोअरला, ६,०१० डबे लागत: अधिकाऱ्यांसाठी १७०, पायदळासाठी ९६५, घोडदळासाठी २,९६० आणि तोफखाना व सामानासाठी १,९१५. त्यांच्या १४० गाड्या, आणि मागून रसदीच्या तेवढ्याच. या हिशोबात घोडा काय भाव खातो ते बघा. फ्रेंच डब्यांवर तर सरळ रंगवलेलंच असे: माणसं ४०, घोडे ८. त्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या होहेनत्सोलर्न पुलावरून २ ते १८ तारखेच्या दरम्यान दर १० मिनिटांना एक, अशा २,१५० गाड्या गेल्या, प्रत्येकी ५४ डब्यांच्या. यात मधली एक गाडी उलटी फिरवायची म्हटली की मागच्या शंभर तुंबतात, इंजिनं पाण्याविना उभी राहतात, बटालियन एकीकडे आणि तिच्या तोफा दुसरीकडे.

तरीही मोल्टकेचं ‘शक्य नाही’ मी जसंच्या तसं स्वीकारत नाही. जर्मन रेल्वे विभागाचा प्रमुख असलेल्या जनरल फॉन श्टाबला ते इतकं झोंबलं की त्याने १९२५ मध्ये आराखडे-नकाशांसह पुस्तक काढून दाखवलं: सातांपैकी चार सैन्यं १५ ऑगस्टपर्यंत पूर्वेला नेता आली असती. म्हणजे रुळांची अडचण होती त्याहून मोठी अडचण ही, की दुसरा आराखडा कोणी हाताशी ठेवलाच नव्हता. रशियातही तेच. झार निकोलसला फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध अर्धी जमवाजमव हवी होती; सेनापती म्हणाले, तशी योजना नाही, आणि अर्धी सुरू केली तर पूर्णचा विचका होईल. २९ जुलैच्या रात्री त्याने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला आणि ३० जुलैला दुपारी पुन्हा दिला. सारायेव्होत २८ जूनला झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, ऑस्ट्रियाचा सर्बियाला २३ जुलैचा ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता, २८ जुलैचं त्यांचं युद्ध, हे सगळं तोवर बाल्कनमधलं भांडण होतं. ३० जुलैनंतर ते राहिलं नाही.

जर्मनीची गोची वेगळीच होती. बाकीच्यांचं सैन्य जमवाजमव झाली की सरहद्दीवर थांबू शकत होतं, जर्मनांचं नाही. फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवून मग रशियाकडे वळायचं, असा बेत. हॉलंडची हद्द आणि आर्देनचं जंगल यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीतून दोन सैन्यं न्यायची आणि त्या पट्टीच्या तोंडावर लिएजची १२ किल्ल्यांची साखळी. म्हणून जमवाजमव पूर्ण व्हायच्या आतच सहा ब्रिगेडनी लिएजवर झडप घालायची होती. ही झडप इतकी गुप्त होती की खुद्द चान्सेलर बेथमान-होल्वेगला ती ३१ जुलैपर्यंत माहीत नव्हती. ज्याने वाटाघाटी करायच्या, त्यालाच घड्याळ किती पुढे गेलंय याचा पत्ता नाही. २ ऑगस्टच्या संध्याकाळी बेल्जियमला १२ तासांची मुदत दिली गेली, ४ तारखेला सैन्य आत घुसलं, आणि १८३९ च्या तहाने बेल्जियमच्या तटस्थतेशी बांधलेलं इंग्लंड त्याच रात्री युद्धात उतरलं.

लिएजला गियमँ स्टेशनाच्या त्या प्रचंड पांढऱ्या कमानींखाली फार रेंगाळू नका. लोकल गाडीने किंवा बसने आन्सला जा, त्या १२ किल्ल्यांपैकी लोंसँचा किल्ला तिथून जवळच आहे. भेटीचे दिवस ठरलेले असतात, ते आधी बघून घ्यावेत. आत गारठा आणि ओल असते. उन्हाळ्यातही जाकीट आणि पकड असलेले बूट हवेत.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बुरूज येतो. लोंसँ बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. मातीत गाडलेला काँक्रीटचा त्रिकोण, भोवती कोरडा खंदक, वर पोलादी घुमट. त्यात १२, १५ आणि २१ सेंटिमीटरच्या तोफा, जर्मनीतल्या क्रुप कारखान्याच्या बनावटीच्या. बेल्जियन लष्करी इंजिनिअर ब्रियालमाँने १८८८ ते १८९१ या काळात हे किल्ले बांधले, २१ सेंटिमीटरचा गोळा सोसेल या हिशोबाने. काँक्रीटमध्ये सळई नाही. काम फक्त दिवसा चाले. रात्री थांबवून सकाळी पुढचा थर ओतला की दोन थर नीट एकजीव होत नसत. घर बांधलेल्या कुणालाही हा सांधा ठाऊक असतो, आपल्याकडे तिथूनच स्लॅब गळतो. दुसरी चूक त्याहून साधी. संडास आणि स्वयंपाकघर खंदकापलीकडच्या भिंतीत होते. मारा सुरू झाल्यावर तिकडे जायचं कसं? साडेपाचशे माणसं बंद बोगद्यांत, वर धूळ, धूर आणि फुटलेल्या गोळ्यांचा वायू, आणि हवा खेळती ठेवायची सोय तुटपुंजी.

पहिली झडप फसली होती. ५-६ ऑगस्टच्या रात्रीच्या हल्ल्यात सहापैकी एकच ब्रिगेड, जर्मन जनरल लुडेनडॉर्फ बरोबर असलेली, किल्ल्यांमधून आत शिरली. शहर पडलं, किल्ले उभेच. मग क्रुपच्याच कारखान्यातल्या ४२ सेंटिमीटरच्या दोन तोफा आणल्या गेल्या. गोळा सुमारे ८०० किलोचा, आणि आदळताक्षणी न फुटता काँक्रीटमध्ये घुसून मग फुटणारा. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर असा एक गोळा लोंसँच्या दारूकोठारात पोचला. आत १२ टन दारू होती. आज तिथे मोठा खड्डा आहे, त्यात काँक्रीटचे खोलीएवढे तुकडे तिरके पडलेत आणि पोलादी घुमट उलटेपालटे. सुमारे ३५० जण मेले आणि बहुतेक अजून तिथेच आहेत. म्हणून हा किल्ला म्हणजे कबरही आहे. तुटक्या कडेवरून काँक्रीटचे थर नीट बघा, आडव्या रेषा दिसतात. लिएजचा बेल्जियन सेनापती जनरल लमाँ बेशुद्ध अवस्थेत पकडला गेला. दुसऱ्या दिवशी उरलेले किल्ले पडले.

पट्टी मोकळी झाली, पण बेल्जियनांनी बोगदे आणि पूल उडवून ठेवले होते. रूळ संपले तिथून पुढे पाय आणि घोडे. एकट्या जर्मन जनरल क्लुकच्या पहिल्या सैन्यात ८४,००० घोडे, त्यांना रोज सुमारे ९०० टन चारा. समोर फ्रेंच मात्र स्वतःच्या शाबूत रेल्वेने लोरेनकडून पॅरिसकडे सैन्य हलवत होते. पॅरिसच्या टॅक्सींची गोष्ट सगळे सांगतात. टॅक्सींनी नेले काही हजार, खरी ने-आण आगगाडीने झाली. पॅरिसजवळच्या मार्न नदीवर जर्मन थांबले ते यामुळेही.

बेल्जियममधल्याच ईपरला मी एक संध्याकाळ दिली, तेवढी पुरे. मेनिन गेटवर रोज रात्री आठला बिगूल वाजतो, सव्वासातला जाऊन जागा धरावी. कमानीवर बेपत्ता सैनिकांची ५४,००० हून जास्त नावं आहेत. आसपास शेतातून किंवा बांधावरून चालताना गंजलेला गोळा दिसला तर हात लावू नका, नांगराला अजूनही ते लागतात आणि काही अजून जिवंत असतात.

तिथून फ्रान्समध्ये लिल आणि लिलहून लोकल गाडीने ला बासे. पुढे नव-शापेलला टॅक्सी किंवा सायकल. जमीन तळहातासारखी सपाट आहे. चौकातच भारतीय स्मारक आहे: हर्बर्ट बेकरने आखलेलं, १९२७ चं, गोल आवार, सुमारे १५ मीटरचा स्तंभ, वर कमळ, पायाशी दोन वाघ. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. स्तंभावरच्या ओळीत देवनागरी दिसते तेव्हा पाऊल थबकतंच.

१० मार्च १९१५ ला इथे सकाळी साडेसातला ३५ मिनिटांचा तोफमारा झाला आणि भारतीय व ब्रिटिश पायदळाने काही तासांत गाव घेतलं. जर्मन फळीला भोक पडलं होतं. मग बिघडत गेलं. डावीकडच्या काही तोफा आदल्या दिवशी उशिरा पोचल्या, त्यामुळे तिथली काटेरी तार तुटलीच नाही. उजवीकडे गढवालींची एक बटालियन दिशा चुकली. टेलिफोनच्या तारा तुटल्या, निरोप्या चालत मागे जाणार, हुकूम चालत पुढे येणार. तोवर दुपार उलटली. आणि साधारण २० किलोमीटर मागे लिलचं जंक्शन जर्मनांच्या हातात. हल्ला करणारा चिखलातून पायी पुढे जातो, अडवणारा गाडीतून उतरतो. १२ तारखेला पहाटे जर्मनांचा उलटा हल्ला आला, १३ ला लढाई थांबली. चार दिवसांत भारतीय कोअरचे चार हजारांवर लोक जायबंदी झाले, मेले किंवा बेपत्ता झाले.

आपली पायदळं, मराठा पलटणी, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली आणि त्यांतली काही पुढे कूटच्या वेढ्यात अडकली. इथे आले ते खडकीचे सॅपर. २८ ऑक्टोबर १९१४ ला, म्हणजे मार्चच्या लढाईआधी, थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७ व्या शिखांबरोबर पायदळ म्हणून याच गावात घुसवलं. खंदक, तारा, पूल बांधणारी कसबी माणसं, घराघरांतून संगिनीने लढली. मागून कुमक आली नाही म्हणून गाव सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले.

आत गेल्यावर गोल भिंतीवर रेजिमेंटवार नावं आहेत. सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधायला वेळ लागतो. अक्षरं बारीक, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट वाचता येतात. रोमन लिपीतली मराठी नावं मोठ्याने वाचली तर लवकर ओळखू येतात. ला बासेहून परतीच्या गाड्या रविवारी कमी असतात, म्हणून शनिवार बरा.