तुम्ही विचारलंत म्हणून: चालतंय ते आयएफकॉन्फिग काढायचं कशाला?

लिनक्स सर्व्हरवरून नेट-टूल्स (आयएफकॉन्फिग, रूट, नेटस्टॅट या जुन्या नेटवर्क कमांडचं पॅकेज) काढून ‘आयपी’ आणि ‘एसएस’ या नव्या कमांड घ्यायच्या म्हटलं की हा प्रश्न येतोच. बोटांना सवय आहे, उत्तर मिळतंय, मग अडचण कुठे?

वय ही अडचण नाही. आयएफकॉन्फिग, म्हणजे नेटवर्क इंटरफेसचे पत्ते दाखवणारी-बदलणारी कमांड, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधलं, फ्रीबीएसडीवर आणि मॅकवर ते आजही ठणठणीत आहे, कारण तिथे कर्नलसोबत (सिस्टिमच्या गाभ्यासोबत) त्यालाही वाढवत नेलं. लिनक्सवर तसं झालं नाही. कर्नल २.२ पासून नेटवर्किंगची नवी रचना आली, ती नेटलिंक या नव्या वाटेने बोलते. नेट-टूल्स मात्र जुन्या आयओसीटीएल कॉलवर आणि प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती मजकुरात देणाऱ्या) फाइलींवरच राहिलं. त्यामुळे ते खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं, आणि अर्धंच सांगतंय हे सांगत नाही. ‘आयपी अ‍ॅडर अ‍ॅड’ने लेबल (ईटीएच०:१ असं नाव) न देता दुसरा आयपीव्ही४ पत्ता चढवा: सर्व्हर त्यावर उत्तर देईल, आयएफकॉन्फिगमध्ये तो दिसणार नाही. ‘रूट’ रूटिंगचं (पॅकेट कुठून पाठवायचं याचं) फक्त मेन टेबल दाखवतं. ‘आयपी रूल’ने वेगळ्या टेबलकडे वळवलेली वाहतूक त्याच्या गावीही नसते. कनेक्शन दाखवणारं नेटस्टॅट प्रॉकमधल्या मजकुराची ओळ न् ओळ वाचतं, त्यामुळे हजारो कनेक्शन असलेल्या मशिनवर रेंगाळतं. ‘एसएस’ तेच थेट कर्नलला विचारतं. शिवाय ‘एसएस -टीआय’ प्रत्येक कनेक्शनचा आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) आणि रिट्रान्समिट (पुन्हा पाठवलेली पॅकेट) दाखवतं. ‘-टीयूएलपीएन’ हे पाठ झालेले पर्याय एसएसलाही तसेच चालतात, म्हणून बदलाची सुरुवात इथून करावी.

बोटं अडखळतात ती ‘आयपी’वर. आयएफकॉन्फिगने पत्ता दिला की जुना जातो, नेटमास्क (नेटवर्क केवढं ते) न दिल्यास अंदाजाने धरला जातो आणि इंटरफेस आपोआप सुरू होतो. ‘आयपी अ‍ॅडर अ‍ॅड’ यातलं काहीच करत नाही. जुना पत्ता तसाच राहतो. १९२.०.२.१० च्या पुढे /२४ लिहायला विसरलात तर /३२ (म्हणजे एकटाच पत्ता) धरला जातो, मग शेजारच्या मशिनकडे जायला वाट उरत नाही. ‘आयपी लिंक सेट डेव्ह ईटीएच० अप’ वेगळं द्यावं लागतं. नवं साधन ‘बिघडलंय’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या तिन्हींपैकी एकात सापडतं.

एलियसने (नव्या कमांडला जुनं नाव देऊन) भागवू नका. पर्याय जुळत नाहीत, आणि स्क्रिप्टमध्ये एलियस सहसा लागूच होत नाही. खरा गुंता स्क्रिप्टमध्येच असतो. ‘इनेट अ‍ॅडर:’ शोधून पत्ता कापणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट नेट-टूल्सच्याच नव्या आवृत्तीने मोडल्या, कारण तिथे नुसतं ‘इनेट’ छापलं जाऊ लागलं. अशा ठिकाणी ‘आयपी -जे अ‍ॅडर’चं जेसन (ठरीव साच्यातला मजकूर) जेक्यू या कमांडने वाचा. माणसांसाठी ‘आयपी -बीआर अ‍ॅडर’ पुरे, एका इंटरफेसला एक ओळ.

पॅकेज काढण्याआधी मूळ कमांडच्या जागी छोटा रॅपर ठेवा: लॉगर कमांडने पॅरेंट प्रोसेसचं (बोलावणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव लॉगमध्ये नोंदवायचं आणि खरी कमांड चालवायची. इशारा छापायचाच तर एसटीडीएररवर (चुकांच्या वाटेवर); एसटीडीआउटवर (नेहमीच्या उत्तराच्या वाटेवर) छापलात तर तो मजकूर स्क्रिप्ट पत्ता म्हणून गिळेल. रॅपर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी टाकून भागत नाही, कारण ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ तोकडा असतो आणि काही स्क्रिप्ट पूर्ण पाथ देऊनच कमांड बोलावतात. डेबियनवर यासाठी डीपीकेजी-डायव्हर्ट (पॅकेजची फाइल दुसरीकडे वळवणारी कमांड) वापरावं, नाहीतर पुढच्या अपडेटला रॅपर पुसला जातो. नोंद निदान महिनाभर, महिनाअखेर धरून घ्या. नाहीतर महिन्यातून एकदाच चालणारं काम हमखास निसटतं.

नावावरून आयपी पत्ता विचारणारं एनएसलुकअपही याच यादीत घालायचं का, असंही विचारतात. बाइंड ९ या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये ते चालवलं की ‘कालबाह्य’ असा इशारा यायचा. लोकांनी सोडलं नाही, आणि शेवटी बाइंड बनवणाऱ्या आयएससीने इशाराच मागे घेतला. तपासाला त्याच कामाची डिग कमांड जास्त उघड माहिती देतं, पण एनएसलुकअप काढायची घाई आम्ही करणार नाही.