नानांच्या ताटातला कोफ्ता

टूर मॅनेजरच्या नोकरीत आयफेल टॉवर दाखवणं सोपं असतं. अवघड असतं ते जेवण. युरोपात आम्ही बहुतेक रात्री ग्रुपला भारतीय हॉटेलात नेतो. पनीर, पिवळी डाळ, भात, आणि सगळे खूश. पण त्या मे महिन्यातल्या सहलीच्या पत्रकात 'ल्योंमध्ये फ्रेंच थीम डिनर' असं छापलेलं होतं. छापणारे ऑफिसात बसतात. निस्तरायचं मला होतं.

माणसं 26. त्यात नऊ शाकाहारी, आणि त्या नवांतल्या चौघांना अंडंही चालत नव्हतं. त्या चौघांत नाना. सातारकडचे, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ. पॅरिसमध्ये बेकरीतल्या प्रत्येक पावाचं मूळ-कूळ विचारून मगच हात लावणारे.

दुपार मस्त गेली. सोन नदी आणि फुर्व्हिएरची टेकडी यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेलं ल्यों शहरातलं हे जुनं गाव. 1964 साली फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग म्हणून ते जाहीर झालं आणि 1998मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. लोकांना मात्र वेड लावलं ते त्राबूलांनी. एका गल्लीत दार ढकलायचं, घराच्या पोटातून, अंगणातून, जिन्याखालून चालत जायचं आणि दुसऱ्या गल्लीत निघायचं. पुणेकर काका म्हणाले, "आमच्या वाड्यातूनही असंच शॉर्टकटने शाळेत जायचो. वाडा पाडला, आता सात मजली बिल्डिंग आहे."

संध्याकाळी बुशोंमध्ये शिरलो. बुशों म्हणजे ल्योंची खानावळ. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी, जाड बुडाच्या बाटल्या, आणि छताला टांगलेल्या गिन्योलच्या बाहुल्या. हा गिन्योल म्हणजे बाहुल्यांच्या खेळातलं इथलंच पात्र. दोनशे वर्षांपूर्वी लोराँ मुर्गे नावाचा माणूस बाजारात दात उपटायचा, आणि गिऱ्हाईक जमवायला बाहुल्या नाचवायचा. पुढे दात सुटले, बाहुल्या राहिल्या. जेवण मात्र विणकर-कामगारांचं, जनावराचं काही वाया न घालवणारं. 'ताब्लिए द सापर' नावाचा तळलेला तुकडा तोंडात टाकून कोल्हापूरचे दादा ओरडले, "मॅडम, ही तर वजडी!" अगदी बरोबर होतं त्यांचं.

शाकाहाऱ्यांपुढे मी दोन रंगांची कार्डं ठेवली होती. पिवळं कार्ड म्हणजे अंडं चालतं. त्यांना मैदा, दूध, अंडं यांचं साधं केनेल. हिरवं कार्ड म्हणजे अंडंही नाही. त्यांना साय घालून भाजलेले बटाटे. दोन दिवस आधी फोन करून, पुन्हा लिहूनही पाठवलं होतं. पण मी दुसऱ्या टोकाला आतड्यांच्या सॉसेजचा वास का येतो ते समजावत होते, आणि तेवढ्यात गडबडीत एक ट्रे चुकीच्या टेबलावर गेला.

"वा! मलई कोफ्ता!" नानांचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. लांबट, फुगलेला गोळा, वर केशरट रस्सा. दिसायला अगदी कोफ्ताच. पण ते ब्रोशेचं केनेल होतं, म्हणजे गोड्या पाण्यातला मासा वाटून केलेलं, आणि रस्सा नांतुआ, त्यात नदीतल्या कोळंबीसारख्या झिंग्यांचं लोणी.

टेबलापर्यंत पोचायला मला फार तर दहा सेकंद लागली असतील. तेवढ्यात गप्प बसायचा विचार मनात येऊन गेला, हे कबूल करते. नाना आनंदाने खात होते. चव आवडली होती.

"नाना, थांबा. हा मासा आहे."

त्यांनी काटा खाली ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. "किती खाल्लं मी?" एवढंच विचारलं. "दोन घास," म्हटलं. ते उठले, बाहेर गेले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. दगडी फरसबंदीच्या कडेला वाकून त्यांनी चुळा भरल्या, माळ हातात धरून बराच वेळ उभे राहिले. समोरून आइस्क्रीम खात पोरंपोरी जात होती.

आत नानींनी माझा हात धरला. "पोरी, सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं? आता हे एकादशी धरल्यासारखे बसणार."

झालंही तसंच. वेटरने चार वेळा माफी मागितली, बटाटे आणले. नाना हात लावेनात. मग मी आत जाऊन विचारून 'सेर्व्हेल द कान्यू' आणलं. नानांनी नाव विचारलं आणि मी मूर्खासारखा अर्थ सांगितला: रेशीम विणकराचा मेंदू. टेबलावर शांतता.

सुटका केली येवल्याच्या काकूंनी. घरात चार पिढ्या पैठणीचा धंदा, त्यामुळे विणकर म्हटल्यावर त्यांनी चमचाच घातला. "अहो नाना, चक्का आहे हा! पात आणि कांदा घातलाय. आणि नक्षी विणणारा जकार्ड माग ज्या गावात निघाला तिथल्या विणकराला नावं काय ठेवायची?"

कांदा चालणार होता, चातुर्मास लांब होता. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "आत जाऊन नीट विचारलंस ना सगळं?"

विचारलं होतं. अंडं नाही, मांस नाही. या पदार्थात बऱ्याच ठिकाणी व्हाइट वाइन घालतात; इथे नव्हती, तेही विचारलं होतं. फक्त दूध कशाने फाडलंय ते विचारलं नव्हतं. या देशातलं बरंचसं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटवर लागतं, हे या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं.

"विचारलं, नाना."

त्यांनी पावावर लावून खाल्लं. मग आणखी एक वाटी मागितली. मी बिल द्यायला उठले.