व्हायरस गेला, पण फायरवॉल काही परतेना

२०१२ची दिवाळी झाली आणि घड्याळाशेजारच्या पांढऱ्या झेंड्यावर लाल फुली आली. विंडोज ७, ६४-बिट, घरचाच डेस्कटॉप. त्यावर माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं, काम चालतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांची रांग लागते, त्यामुळे ती फुली पाहून आधी दुर्लक्षच करावंसं वाटलं. पण गूगलवर काहीही शोधून क्लिक केलं की भलत्याच जाहिरातीचं पान उघडत होतं. ब्रॉडबँडचा मर्यादित प्लॅन महिना अर्धा व्हायच्या आत संपत आला होता. फायरवॉल, म्हणजे नेटवरून नको ते येऊ न देणारी भिंत, चालू करायला गेलो तर एकच उत्तर: एरर ०एक्स८००७०४२४.

हा आकडा नीट वाचला की अर्धं निदान तिथेच होतं. शेवटचे ४२४ हे हेक्समधले (सोळाच्या पायावरच्या मोजणीतले), दशमानात ते १०६० होतात. विंडोजच्या यादीत १०६० म्हणजे 'अशी सर्व्हिस अस्तित्वातच नाही'. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. सर्व्हिसेसची खिडकी उघडून पाहिली, तर 'विंडोज फायरवॉल' ही ओळच गायब. तिच्या खालचं 'बेस फिल्टरिंग इंजिन' नाही, सिक्युरिटी सेंटर नाही, डिफेंडरही नाही. कुणी फायरवॉल बंद केली असती तर ती चालू करता आली असती. इथे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतून, तिची नोंदच उपटून टाकली होती.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने बघता बघता निकाल दिला, "सर, फॉरमॅट मारूया, संध्याकाळी घेऊन जा." सल्ला चुकीचा नव्हता. पण माझं मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर) चालायचं, त्याची सीडी चरे पडून निकामी झालेली, आणि हातात पत्रिकांची कामं. हंगाम संपेपर्यंत मशीन आहे तसं जगवायचं ठरवलं.

पहिलं काम म्हणजे लॅनची केबल काढली. पुढचं सगळं डाउनलोड मित्राच्या कॉम्प्युटरवर. लक्षणांवरून व्हायरसचं नाव लगेच सापडलं: झीरोअ‍ॅक्सेस, काही अँटिव्हायरस त्याला सिरेफेफ म्हणतात. त्या वर्षी त्याची जी नवी आवृत्ती फिरत होती, ती विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस डॉट ईएक्सई या फाइलमध्येच घुसायची. ही फाइल म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस सांभाळणारा मुकादम. टास्क मॅनेजरमधून ती मारली की विंडोजच कोसळतं. बाकीचा ऐवज विंडोजच्या इन्स्टॉलर फोल्डरमध्ये, महिरपी कंसातल्या लांबलचक नावाच्या फोल्डरात. आत 'यू' आणि 'एल' असे दोन उपफोल्डर आणि नुसतं '@' नावाची एक फाइल. माझ्याकडे हुबेहूब तेच. केबल काढण्याआधी नेटस्टॅट (चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवून ठेवलं होतं, त्यात यूडीपी पोर्ट, म्हणजे नेटवर बोलण्याचं दार, १६४७०. या कुटुंबाचे ठरलेले चार पोर्ट आहेत, १६४६४, १६४६५, १६४७० आणि १६४७१. त्यांवरून बाधित मशीनं एकमेकांशी थेट बोलतात, मधे एखादा मुख्य सर्व्हर लागतच नाही. प्लॅन कुठे संपत होता ते कळलं.

घरात तोवर सगळा आळ गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवर होता. बायको म्हणत होती, "अहो, किती वेळा सांगितलं, लोकांचे पेनड्राइव्ह लावत जाऊ नका." पेनड्राइव्हने त्या काळी शॉर्टकट व्हायरस भरपूर दिले, पण हा पाहुणा त्या वाटेने आला नव्हता. डाउनलोड्समध्ये दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या पुतण्याने उतरवलेला एका गेमचा 'कीजेन' (न विकत घेता किल्ली बनवून देणारा प्रोग्रॅम) पडला होता. त्याचं म्हणणं, "काका, परवानगी विचारणारी खिडकी आली होती, पण त्यात अडोबी लिहिलं होतं, म्हणून येस केलं." आणि ते खरं होतं! झीरोअ‍ॅक्सेस सोबत फ्लॅश प्लेयरचा अस्सल इन्स्टॉलर आणायचा आणि त्याच्या शेजारी स्वतःची डीएलएल (प्रोग्रॅम वापरतात ती मदतनीस फाइल) ठेवायचा. इन्स्टॉलर अस्सल, सही अस्सल, खिडकीतलं नावही अस्सल. येस म्हटलं की इन्स्टॉलर शेजारची डीएलएल उचलायचा आणि तिला अ‍ॅडमिनचे हक्क आयते मिळायचे. या युक्तीपुढे पुतण्याला काय बोलणार?

साफसफाईआधी विंडोजऐवजी उबुंटू या सिस्टिमच्या सीडीवरून मशीन चालू करून कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फाइली आणि फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर काढले. फक्त डेटा, एकही प्रोग्रॅम नाही. ही पायरी गाळू नये, कारण एखाद्या स्कॅनरने सर्व्हिसेस डॉट ईएक्सई नुसती उडवली तर विंडोज पुन्हा उभंच राहत नाही.

मग विंडोज डिफेंडर ऑफलाइनची सीडी. बाहेरून बूट होत असल्यामुळे आतलं विंडोज झोपलेलं असतं आणि व्हायरसही. मित्राच्या मशीनवर सीडी बनवताना ६४-बिटच निवडावी लागते, ३२-बिटची चालत नाही. तिने सिरेफेफ पकडला, इन्स्टॉलर फोल्डरमधला कचरा काढला. सर्व्हिसेस डॉट ईएक्सईच्या बाबतीत मी तिच्यावर विसंबलो नाही. रिपेअर मोडच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून मूळ प्रत परत बसवली. तिथे एक गंमत आहे: रिपेअर मोडमध्ये सी ड्राइव्ह हा सीच असेल असं नाही. माझ्याकडे तो डी झाला होता. आधी डीआयआर ही यादी दाखवणारी कमांड देऊन विंडोजचं फोल्डर कुठे दिसतंय ते पाहायचं, मगच एसएफसीला पत्ता द्यायचा. त्यानंतर विंडोजमध्ये येऊन टीडीएसएस किलर आणि मालवेअरबाइट्स हे स्कॅनर चालवले. दोन्ही स्वच्छ.

आणि फायरवॉल? तोच एरर, तोच आकडा.

बहुतेक जण इथेच चक्रावतात. स्कॅनर स्वच्छ म्हणतोय म्हणजे मशीन बरं झालं, असं आपण धरून चालतो. पण स्कॅनरचं काम घुसलेलं बाहेर काढायचं, त्याने जाताना काय मोडलं ते जोडायचं नाही. एसएफसीसुद्धा फाइली दुरुस्त करतं, रजिस्ट्रीतून पुसलेल्या सर्व्हिसेस परत लिहीत नाही.

फारबार सर्व्हिस स्कॅनर नावाचं छोटं साधन यासाठी फार उपयोगी पडलं. ते काहीही बदलत नाही, फक्त काय गायब आहे त्याचा अहवाल देतं. एमपीएसएसव्हीसी (फायरवॉल), बीएफई (बेस फिल्टरिंग इंजिन), डब्ल्यूएससीएसव्हीसी (सिक्युरिटी सेंटर), विनडिफेंड (डिफेंडर), शेअर्डअ‍ॅक्सेस, एकेक ओळ वाचत गेलो. मित्राकडेही विंडोज ७ ६४-बिटच होतं. त्याच्या रजिस्ट्रीतून या नोंदी एक्स्पोर्ट केल्या, माझ्या रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला आणि इम्पोर्ट केल्या. रीस्टार्ट. आता सर्व्हिसेसच्या यादीत नावं दिसू लागली. बीएफई सुरू करायला गेलो: एरर ५, अ‍ॅक्सेस डिनाइड.

या पाचाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आयात केलेल्या नोंदींसोबत परवानग्या येत नाहीत. बीएफईला स्वतःच्या 'पॅरामीटर्स'खालच्या 'पॉलिसी'मध्ये लिहिता यायला हवं, आणि तो हक्क 'एनटी सर्व्हिस\बीएफई' या खात्याला लागतो. सर्रास सांगितला जाणारा तोडगा होता तिथे 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्यायचा. चालतो तो, पण कुलूप बसवून किल्ली दारालाच अडकवण्यातला तो प्रकार. परमिशनच्या खिडकीत ते खातं शोधून सापडत नाही, नाव पूर्ण टाइप करावं लागतं, आणि शोधण्याचं ठिकाण म्हणून आपलंच मशीन निवडावं लागतं. एवढं झाल्यावर बीएफई निमूट चालू झालं. फायरवॉल त्याच्यावरच उभी असते, म्हणून आधी बीएफई, मग ती. शेअर्डअ‍ॅक्सेसखालच्या 'फायरवॉलपॉलिसी'ला 'एनटी सर्व्हिस\एमपीएसएसव्हीसी'चे हक्क दिले आणि फायरवॉलही सुरू. ईसेटचं 'सर्व्हिसेस रिपेअर' नावाचं साधन हेच काम एका क्लिकमध्ये करतं, हे मला नंतर कळलं.

नियम मित्राच्या मशीनवरून आलेले होते, त्यात कशाकशाला वाट दिलेली असेल ते कोण तपासत बसणार! नेटएसएच या कमांडने फायरवॉल रीसेट केली. त्याबरोबर घरातल्या लॅपटॉपवरून प्रिंटर दिसेनासा झाला, कारण प्रिंटर शेअरिंगची परवानगीही त्यात गेली. ती परत दिली. जुने रिस्टोअर पॉइंट पुसले, अपडेट्स घेतले, पुतण्यासाठी अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं खातं काढलं. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड मित्राच्या मशीनवरून बदलले, आणि नेटबँकिंग त्या डेस्कटॉपवर पुढे कधी केलं नाही. रूटकिट (विंडोजमध्ये खोलवर लपणारा व्हायरस) बसून गेलेल्या मशीनवर माझा तेवढा भरवसा उरला नव्हता. पत्रिकांचा हंगाम उरकल्यावर फॉन्टच्या सॉफ्टवेअरची नवी सीडी मागवली आणि कोपऱ्यावरच्या त्याच पोराकडून फॉरमॅट मारून घेतला.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने युरोपोल आणि एफबीआयच्या मदतीने झीरोअ‍ॅक्सेसच्या जाळ्यावर कारवाई केली. जवळपास २० लाख मशीनं बाधित, आणि जाहिरातदारांचं महिन्याला २७ लाख डॉलरचं नुकसान, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या कॉम्प्युटरकडून जाहिरातींवर खोटे क्लिक करून घ्यायचे, हाच त्याचा मुख्य धंदा. माझ्या लग्नपत्रिकांमध्ये त्याला काडीचाही रस नव्हता.

आज विंडोज १० किंवा ११वर असं झालं तर मी इतका खटाटोप करणार नाही. ऑफलाइन स्कॅन आता डिफेंडरमध्येच असतो, सीडी लागत नाही. तो चालवायचा, डेटा बाहेर काढायचा, आणि फायरवॉलची सर्व्हिसच गायब दिसली तर सरळ अख्खं विंडोज रीसेट. डोंगल सांभाळायचं असेल, तरच बीएफईच्या मागे लागावं.