आमची वाटचाल : झाडाविना झुला

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या शेडमध्ये वाहन उद्योगाला लागणाऱ्या ट्रॉल्या आणि रॅक यांचे जॉबवर्क चालत असे. झुल्याच्या स्टँडकडे आम्ही वळलो ते 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात त्या वादळाने माड-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या. होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबांची उत्पन्नाची झाडे तर गेलीच, शिवाय पाहुण्यांसाठी जाळीचा झुला बांधायला बेताच्या अंतरावरची दोन खोडेही उरली नाहीत. नवा माड उभा राहायला वर्षे लागतात. त्यामुळे तिथल्या एका परिचित वाडीमालकांनी जमिनीत न पुरता उभा राहणारा आणि पावसाळ्यात सुटा करून माळ्यावर टाकता येईल असा स्टँड आमच्याकडे मागितला.

दोन तिरके हात आणि तळाशी एक पाइप, एवढेच हे काम दिसते. परंतु झुला माणसाचा भार खाली देतो तसाच दोन्ही हातांना आतही खेचतो. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर 100 किलोच्या माणसामागे प्रत्येक दोरीत 100 किलोंचाच ताण येतो. तोच झुला ताणून कोन 10 अंशांवर आणला की ताण 290 किलोंच्या घरात जातो. त्यात कोणी धपकन बसले, तर क्षणभर हा ताण दुप्पट होऊ शकतो. म्हणून झुला, साखळी आणि हुकाची उंची आम्ही एकत्रच ठरवतो आणि ताठ झुल्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला स्पष्ट नकार देतो. दोन्ही हातांची ओढ तळाच्या पाइपमध्ये परस्पर तोलली जाते, त्यामुळे खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत आणि सारवलेल्या अंगणातही स्टँड बिनधास्त मांडता येतो.

खरी परीक्षा जोडाची होती. सर्वाधिक वाक हात आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात येतो आणि स्टँड सुटा करायला सोयीची जागाही नेमकी तीच वाटते. आम्ही तो कोपरा अखंड पाइप वाकवून केला, जोड तळाच्या सरळ भागात नेला आणि स्लीव्ह, म्हणजे एका पाइपात दुसरा पाइप सरकतो तो भाग, लांब ठेवली. पुढचा प्रश्न रंगाचा होता. पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटी भट्टीत भाजून चढवलेल्या रंगाचा, थर साधारण 60 ते 80 मायक्रॉन (0.06 ते 0.08 मिलिमीटर) असतो. तो आतल्या पाइपला बाहेरून आणि बाहेरच्या पाइपला आतून चढला, की व्यासातली पाव मिलिमीटरची मोकळीक संपते आणि जोड हाताने निघत नाही. रंग नाकारावा, तर खारे वारे गंज चढवतात. यासाठी आत सरकणाऱ्या भागावर आम्ही फक्त पातळ झिंक प्लेटिंग करतो आणि वर ग्रीसचा हात फिरवतो. हे काम वेळखाऊ आहे, पण पाहुणे येण्याआधी घरातल्या बाईमाणसाला एकटीने, पाना न घेता स्टँड जोडता आला पाहिजे, ही आमची अट आहे.

अलीकडे हलक्या स्टँडची मागणी वाढली आहे. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, मात्र ताठपणाही तितकाच कमी असतो. त्यामुळे पाइपचा व्यास वाढवावा लागतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने 6061-टी6 सारख्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद सांध्यालगत बरीच घटते, म्हणून या स्टँडचे पाय बोल्टने बसवण्याचा आराखडा सध्या शेडमध्ये वाळूच्या पोत्यांखाली तपासला जात आहे.