पूररेषेतला प्लॉट आणि लेव्हलची कागदपत्रं: माझा अनुभव

कोल्हापुरात नवीन पूररेषेचे नकाशे आले की पहिला प्रश्न असतो, 'आपला प्लॉट रेषेत गेला का?' या प्रक्रियेतून गेल्यावर मला कळलं की खरा प्रश्न उंचीचा आहे. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या पातळ्या नकाशावर टेकवल्या की रेषा दिसते. 1:4000 च्या नकाशावर 1 मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 4 मीटर होते. कुणाची खोली आत, कुणाची बाहेर, हे त्या रेघेवर ठरवू नका.

नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि शाहूपुरीसारख्या भागात मागच्या बाजूने शिरतं. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 फुटांच्या वर. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या मुदतीत ती साधारण 26 टक्के होते.

सुरुवात कागदांपासून: सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची क-प्रत (मोजणी झाल्यावर मिळणारा हद्दीचा नकाशा), झोन दाखला आणि भाग नकाशा. मग जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करून आपल्या जवळच्या दोन नदी-छेदांवरच्या (नदीचा आडवा काप जिथे मोजलेला असतो त्या ठिकाणांच्या) निळ्या आणि लाल रेषेच्या पातळ्या मागायच्या. प्लॉट दोन छेदांच्या मधे असेल तर अंतराच्या प्रमाणात पातळी काढावी लागते. छेद 400 मीटर अंतरावर, पातळीत फरक 30 सेंटिमीटर आणि प्लॉट वरच्या छेदापासून 100 मीटर खाली, तर वजा 7.5 सेंटिमीटर.

आता लेव्हलिंग, म्हणजे प्लॉटची उंची मोजणं. इथेच बहुतेकांचे अर्ज परत येतात, माझाही आला. सर्व्हेअरने रस्त्याच्या कडेचा दगड 100.00 धरला होता. तो आकडा समुद्रसपाटीशी जोडलेला नसल्यामुळे पुराच्या पातळीशी ताडता येत नाही. लेव्हल जीटीएस बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवलेल्या सरकारी खुणेवरून) आणावी लागते आणि परत तिथेच नेऊन बंद करावी लागते. अचूक कामाला चालणारी चूक 12 गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, मिलिमीटरमध्ये. 4 किलोमीटरच्या फेरीत 24 मिलिमीटर. फील्ड बुकची (मोजणीच्या नोंदवहीची) प्रत सर्व्हेअरच्या सहीसकट जोडा.

स्टाफ (लेव्हल मोजायची उभी पट्टी) मूळ जमिनीवर ठेवा, भरावावर नाही. भराव घालून रेषा सरकत नाही, तेवढं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण आमच्याकडे डंपरभर मुरूम टाकणं हाच उपाय समजतात.

हरकत घेताना प्रारूप विकास आराखड्यावर 30 दिवसांची मुदत असते. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल असेल तर एक महिना. 'आमचं नुकसान होतंय' असं सामूहिक निवेदन नुसतं नोंदलं जातं. गट नंबर, चार कोपऱ्यांच्या लेव्हल, छेदाची पातळी आणि तफावत असा एक पानाचा तक्ता दिला की सुनावणीत बोलणं होतं.

आणि प्लॉट रेषेत आला म्हणजे सगळं गेलं असं नाही. सध्याच्या राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या आणि लालच्या मधे लाल पातळीच्या 0.45 मीटर वर परवानगी मिळू शकते. प्लॉटचा काहीच भाग रेषेत असेल तर त्याचं चटई क्षेत्र उरलेल्या जागेत वापरता येऊ शकतं.

जोत्याआधी सर्व्हेअरकडून लाल पातळीची खूण पक्क्या खांबावर ऑइलपेंटने करून घ्या. गवंडी पाण्याची नळी घेऊन रस्त्यावरून लेव्हल काढतो, आणि रस्ता डांबरीकरणात दरवेळी बदलतो.