देवबागात नसलेला रस्ता

मालवणजवळच्या देवबागचा नकाशा काढायला बसलं की हात आखडतोच. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, तीही संगमाकडे जाता जाता निमुळती होत गेलेली. कागदावर ती काही ठिकाणी माझ्या पेनाच्या तीन-चार रेघांएवढीच रुंद येते. अशा जागी कडेला एखादी पांढरी रेघ उमटली तर जमीन तरी खाल्ली जाते, नाहीतर तिथे भलतंच काहीतरी दिसायला लागतं. ज्या काकींच्या होम-स्टेसाठी हा नकाशा चालला होता, त्यांनी फोनवर तो मोठा करून बघितला आणि पहिलंच विचारलं, "गो, आमच्या माडांतसून हो रस्तो कधी गेलो?"

रस्ता कुठला! नकाशा मी कागदावर शाईने काढते आणि स्कॅन करून रंग संगणकावर भरते. तिथे समुद्राचा निळा आणि जमिनीचा हिरवा यांच्या फटीतून कागदाचा पांढरा डोकावत होता.

अशी रेघ दिसली की बरेच जण ब्रश घेऊन ती बुजवायला बसतात. मला ते पटत नाही. आपला किनारा म्हणजे नुसती वळणं, बुजवता बुजवता किनाराच हलतो. शिवाय फाइल पुन्हा एक्सपोर्ट केली की रेघ परत हजर. ती आली कुठून हे शोधलं तर बहुतेक वेळा दोन क्लिकचं काम असतं.

आधी बघायचं ती रेघ खरी आहे की नुसती दिसते. झूम 100 टक्क्यांवर आणा, मग 400 वर न्या. पिक्सेलबरोबर रेघही जाड झाली तर ती चित्रातच आहे. कितीही जवळ गेलात तरी ती केसाएवढीच बारीक राहिली, किंवा एका झूमला दिसली आणि दुसऱ्याला गायब झाली, तर तो स्क्रीनचा खेळ. इंकस्केप या रेषांची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या पीडीएफमध्ये हे फार होतं. अक्रोबॅटच्या सेटिंगमध्ये 'स्मूद लाइन आर्ट' बंद केलं की असल्या रेघा पटकन नाहीशा होतात, म्हणजे रोगाचं निदान तिथेच झालं. छपाईत त्या सहसा येत नाहीत. पण दुकानातल्या माणसाने तीच पीडीएफ उघडून तिची जेपीईजी बनवली, तर रेघा कायमच्या चिकटतात. म्हणून मी फ्लेक्सवाल्याला पीडीएफ देतच नाही, स्वतः पीएनजी काढून देते.

काकींची रेघ मात्र खरी होती. शाईच्या रेषेशिवाय नुसते दोन रंग भिडवायचे असले की हे होतं. जमिनीचं सिलेक्शन करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, हिरवा भरला, सिलेक्शन उलटं करून निळा भरला. वाटतं की सगळा कागद झाकला. पण कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडेच्या पिक्सेलना अर्धवटच रंग देतं, यालाच अँटी-अलायझिंग म्हणतात. एखाद्या पिक्सेलवर हिरवा 50 टक्के बसला आणि त्यावर निळा 50 टक्के, तर बेरीज 100 होत नाही. हिरव्याने अर्धा पांढरा शिल्लक ठेवला, निळ्याने त्याचा अर्धा झाकला. राहिला पाव. हा 25 टक्के पांढरा किनाऱ्याभर सलग पसरला की झाला रस्ता.

उपाय आपल्या छपरावरच आहे. कौलं कोणी कडेला कड टेकवून बसवत नाही, एकावर एक चढवतात. सॉफ्टवेअरमधले लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. तसंच समुद्राचा लेअर सर्वांत खाली आणि अखंड ठेवायचा, जमिनीखालीसुद्धा निळाच. त्याला जमिनीचा आकार कापायचाच नाही. जमीन वरच्या लेअरवर. मग कडेच्या अर्धवट हिरव्यातून दिसलाच तर निळा दिसतो, आणि ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. खाडीही वेगळी भरू नये, जमिनीत भोक ठेवून खालचा निळाच दिसू द्यावा. रंग वेगळा हवा असेल तर खाडीचा लेअर जमिनीच्या खाली सरकवून त्याचं सिलेक्शन दोन पिक्सेल वाढवून घ्यायचं. गिम्प या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्ट मेन्यूत 'ग्रो' आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही अशीच पांढरी कड आली होती. 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्याचा तट एवढा नागमोडी, की कडच कड. गंमत म्हणजे तिला कोणी नाव ठेवलं नाही, सगळ्यांना तो लाटांचा फेस वाटला! तरी मी ती काढली. फेस हवा तर तो मी हाताने काढीन, सॉफ्टवेअरने परस्पर काढायचं काही कारण नाही.

जिथे शाईची रेषा आहे तिथलं दुखणं वेगळं. बकेटने, म्हणजे एका क्लिकमध्ये बंद आकार भरणाऱ्या टूलने, रंग ओतला की शाई आणि रंग यांच्या मधे फिकट झालर राहते. कारण शाईच्या कडेचे पिक्सेल राखाडी असतात, बकेटला ते पांढऱ्यात धरवत नाहीत. थ्रेशोल्ड, म्हणजे बकेटने किती वेगळा रंग आपलाच मानायचा ती मर्यादा, वाढवून बघतात लोक. थोडा चालतो, जास्त झाला की बारीक रेषेतून रंग फुटून समुद्र थेट कुडाळपर्यंत जातो. त्यापेक्षा स्कॅनच्या लेअरवर 'कलर टू अल्फा' (रंगाच्या जागी पारदर्शकता) घेऊन पांढरा काढून टाका. शाई तेवढी राहते, राखाडी कडा पारदर्शक काळ्या होतात. आता रंग खालच्या लेअरवर, शाईच्या मध्यापर्यंत घुसवून भरायचा. शाईच्या लेअरचा मोड 'मल्टिप्लाय' केला, म्हणजे पांढऱ्यातून खालचा रंग दिसू दिला, तरी काम भागतं, पण मला अल्फाच बरा वाटतो.

स्कॅनचं काय सांगू! ए-थ्री कागद, घरचा स्कॅनर ए-फोर, म्हणजे दोन तुकडे आलेच. पावसाळ्यात आमच्याकडे कागद दमट होऊन फुगतो, आणि दोन्ही दिशांना सारखा फुगत नाही. एक तुकडा आज आणि दुसरा उद्या स्कॅन केला तर सांध्यावर रेषा जुळत नाहीत. दोन्ही एका बैठकीत करावेत, मधला चार बोटांचा भाग दोन्हीत येऊ द्यावा. जोडण्याआधी लेव्हल्समध्ये (उजळ-गडद बदलायच्या सेटिंगमध्ये) कागद दोन्हीकडे पूर्ण पांढरा करून घ्यावा, मग वरच्या तुकड्याला मास्क, म्हणजे झाकायचा पडदा, लावून त्याची कड ग्रेडियंटने हळूहळू विरवावी. माझा सांधा नेमका कर्लीच्या मुखावर येतो, तिथे सरळ रेघ राहिली तर बंधारा घातल्यासारखी दिसते. आणि आकार बदलायचा तो जोडून, एक लेअर केल्यावरच. तुकडे सुटे असताना लहान-मोठे केले की प्रत्येकाची कड अर्धी पारदर्शक होते, पुन्हा तीच फट.

कागदभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ आली, तर ती झेरॉक्सच्या दुकानातल्या, कागद आत ओढून घेणाऱ्या मशीनची. तिथे कागद काचेच्या एका अरुंद पट्टीवरून सरकतो, पट्टीवर धुळीचा कण असला की त्याची रेघ होते. सपाट काचेच्या स्कॅनरवर तोच कण नुसता ठिपका देतो. डाग बुजवायचं हील टूल घेऊन बसण्यापेक्षा पट्टी पुसून घ्या आणि परत स्कॅन करा.

एवढा कीस का पाडायचा, तर आकारामुळे. ए-थ्रीवर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरले तर, एक पिक्सेल म्हणजे 0.08 मिलिमीटर, डोळ्याला कळतही नाही. तीच फाइल सहा फूट रुंद फ्लेक्सवर ताणली की पिक्सेल जवळजवळ 0.37 मिलिमीटरचा होतो, आणि दोन पिक्सेलची झालर पाऊण मिलिमीटरची. गेटवर लावलेल्या बोर्डावर ती पर्यटकाला दिसते.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून गेली की ती दाबली जाते, शाईभोवती डाग पडतात, आणि फ्लेक्सवाला तीच फाइल मोठी करून छापून मोकळा होतो.